राखणीच्या चिंध्या

हल्ली गल्लीत कुणी ना कुणी विचारतं, "बाई, तळ्याकडं दिसत न्हाईसा अलीकडं?" मी गुडघ्याचं कारण सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण सांगितलं की पुढचे प्रश्न येतात, आणि इतकी वर्षं वर्गात प्रश्न विचारण्यात घालवल्यावर मला आता प्रश्नांचाच वीट आलाय. तळ्यावर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. जे उरलंय ते मला बघायचं नाही.

आमचं गाव उचगावच्या पुढं, शहर जिथं संपता संपत नाही तिथं. सकाळी निम्मं गाव शिरोलीच्या कारखान्यांकडं जातं, उरलेलं निम्मं उसात. पूर्वेला गायरान आणि गायरानाच्या पोटात तळं. तळं म्हटल्यावर फार काही मनात आणू नका. घाट नाही, देऊळ नाही, बसायला बाक नाही. पावसाळ्यात भरतं, दिवाळी झाली की ओसरू लागतं, उन्हाळ्यात मधोमध चिखल उरतो आणि त्या चिखलात म्हशी बसतात. पण पाऊस सरता सरता काठाचं गवत कमरेएवढं झालेलं असायचं, तेव्हा शाळेतून आल्यावर मी तिकडं जायची आणि दिवसभराचा सगळा वैताग विसरायची.

टिबुकल्या असायच्या, कमळपक्षी असायचे, जांभळ्या पाणकोंबड्या असायच्या. पण माझा जीव हळदी-कुंकू बदकावर. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. सायबेरियातून येणाऱ्या पाहुण्यांचं कौतुक लोकांनी करावं. हे बदक इथलंच, बारमाही, आणि ते अंडी घालतं जमिनीवर, पाण्याजवळच्या दाट गवतात, जिथं कुणाचाही पाय पडू शकतो. इतकं बेभरवशाचं घर करणाऱ्या पक्ष्याला एक तर अक्कल नसावी किंवा जगावर फार विश्वास असावा. मला वाटतं अक्कल नसावी.

आक्का, माझी थोरली बहीण, मला यावरून चिडवायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि तेव्हापासून आम्ही दोघीच घरात आहोत. मी शाळेत, ती गोठ्यात. तिच्याकडं आता एकच म्हैस उरलीय आणि त्या म्हशीचं दूध गल्लीत आणि वरच्या आळीत जातं. मी गळ्यात दुर्बीण अडकवून निघाले की ती गोठ्यातून ओरडायची, "निघाली बघा मास्तरीणबाई, नळकांडं घेऊन. घरच्या म्हशीकडं बघाय वेळ न्हाय हिला." पण माझ्यापेक्षा तळं तीच जास्त बघायची, कारण म्हैस चारायला रोज तीच जायची. संध्याकाळी सगळ्या गावाच्या म्हशी पाण्यात एकत्र डुंबत असत. काळ्या पाठींच्या त्या गर्दीत आपली कुठली हे मला कधी कळलं नाही. आक्काला शोधावं लागत नसे. काठावर उभी राहून ती हाक मारायची, "ये बाय, ये." बाकीच्या म्हशी ढिम्म. तिची तेवढी कान टवकारून, दुसऱ्यांना ढुशा मारत, सरळ तिच्या पायाशी येऊन उभी. हाक नाही मारली, नुसता आवाज कानावर पडला तरी यायची.

म्हशींचं आणि बदकांचं वैर आहे असं मला आधी पुस्तकं वाचून वाटायचं. आमच्या तळ्यावर तसं नव्हतं. म्हशी पाणकणसाचे कोवळे कोंब खायच्या, म्हणून मधलं पाणी मोकळं राहायचं. त्यांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचायचं आणि त्यात धोबी, पाणलावे चोच घालत हिंडायचे. शहराजवळच्या एका तळ्यावर सुशोभीकरण केलं, भोवती जाळी मारली, फिरायला फरशीची वाट केली आणि म्हशींना बंदी घातली. आता तिथं काठापासून काठापर्यंत जलपर्णीचं केंदाळ आहे. जांभळ्या फुलांचे फोटो काढायला लोक जातात. बदक उतरायचं म्हटलं तर त्याला पाणी दिसायला हवं ना.

तेव्हा प्रश्न म्हशींचा नव्हता. प्रश्न किती म्हशी आणि कधी, एवढाच होता. आणि त्याचं उत्तर गावाकडं पूर्वी होतं. त्याला राखण म्हणत. पावसाळ्यात तळ्याच्या पलीकडच्या काठावर कुणी जनावर घालायचं नाही, दिवाळीच्या आसपास गवत कापायचं आणि मग मोकळं सोडायचं. गवत राखायचं ते जनावरांसाठीच. बदकांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. पण तेवढ्या दिवसांत बदकांची पिल्लं गवतातून पाण्यात उतरून जायची. राखण सुरू झाल्याची खूण म्हणजे वाटेच्या तोंडाशी रोवलेली निरगुडीची एक फांदी आणि तिला बांधलेली चिंधी. तेवढ्यावर सगळं गाव थांबायचं.

ती चिंधी बांधायचं काम आमच्या आजोबांच्या वडिलांचं, मग आजोबांचं. हौसेचं नव्हे. गावकीच्या कामांतलं एक, गावानं आमच्या गल्लीच्या पाठीवर टाकलेलं. छप्पन साली धर्म बदलला आणि आजोबांनी गावकीची सगळी कामं एका दिवसात टाकली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, सांगावे न्यायचे नाहीत, चिंधी बांधायची नाही. बरं केलं. पुढं काही वर्षं दुसरं कुणीतरी बांधायचं. आजोबा तिकडून जाताना नुसते बघायचे आणि म्हणायचे, "गाठ चुकलीया." आक्कानं ती गाठ त्यांच्याकडून शिकून घेतली होती. मला ती आली नाही. मग हळूहळू कुणीच बांधेना आणि राखण बंद पडली. कधी पडली ते कुणाला सांगता येणार नाही.

बंद पडायला कारणं होती. गायरानाच्या एका अंगाला शेड उभ्या राहिल्या, दुसऱ्या अंगाला घरं. बाकी सगळीकडं ऊस. उसाला बांधसुद्धा ठेवत नाहीत लोक, मग बांधावरचं गवत कुठून येणार? साखर कारखाने सुरू झाले की उसाचे शेंडे मिळतात, त्यावर जनावर जगतं. पण कारखाने सुरू व्हायच्या आधीचे पावसाळ्याअखेरचे दिवस अवघड. त्या दिवसांत आजूबाजूच्या वाड्यांतल्या म्हशीसुद्धा आमच्या तळ्यावर येऊ लागल्या. म्हशींचा दोष नाही आणि त्यांच्या मालकांचाही नाही. पोट सगळ्यांना आहे. पण काठ दाढी केल्यासारखा साफ झाला. टिबुकल्या गेल्या, पाणकोंबड्या गेल्या, आणि दरवर्षी मी मनात म्हणायची, हे शेवटचं वर्ष.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला पलीकडच्या काठावर एक पट्टा तेवढा उरला होता. मध्ये दलदल असल्यानं तिकडं म्हशी उशिरा पोचत. एका दुपारी आक्का तिथून आली आणि हातपाय न धुताच मला म्हणाली, "तुझी ती कुंकवाची बदकीन बसलीया गवतात. पाय पडता पडता ऱ्हायला माजा."

मी तशीच निघाले. आक्कानं लांबूनच बोट दाखवलं. बराच वेळ मला काही दिसेना. मग वाळक्या गवतात एक डोळा दिसला. ती अंगाखाली पिसं अंथरून बसली होती आणि आमच्याकडं बघत होती. उडाली नाही. मला रडू आलं. आक्का म्हणाली, "रडतीस कशाला? अजून मेली न्हाय कोन."

पण दलदल सुकत चालली होती. म्हशी तिथं पोचायला आता वेळ लागणार नव्हता. आणि त्यात आमची म्हैस गाभण, भरदिवसांची. तिला हिरवं लागत होतं आणि तळ्यावर हिरवं म्हणावं असं तेवढंच शिल्लक होतं. आक्कानं तिथं म्हैस घातली असती तर मी तिला कुठल्या तोंडानं अडवणार होते? ताकही फुंकून पिणारी बाई ती, आणि घरातलं पुढचं सगळं दूध त्या म्हशीच्या जिवावर. घरी येऊन ती चुलीपाशी बसली आणि स्वतःच म्हणाली, "बाळंतीन हाय ती. बाळंतिनीच्या अंगावर म्हस घालू व्हय मी? न्हाय जमायचं. पिल्लं निघूस्तवर मी म्हशीला घरातच बांधतो. गवत आनतो कुटनं तरी."

आमच्याकडं बायकाही "मी जातो, मी आनतो" म्हणतात. शाळेत मी मुलींना सुधारते, आक्काला कधी सुधारलं नाही.

आणि मग तिला राखण आठवली. आपण एकटीनं म्हैस बांधून काय उपयोग, बाकीच्यांना कळायला हवं. तिनं पेटीतून जुन्या नायलॉनच्या साडीचा काठ काढला, निरगुडीच्या फांद्या तोडल्या. पूर्वी वाटेच्या तोंडाशी एक फांदी पुरायची, कारण राखलेला काठ कुठून कुठवर हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आता कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आक्कानं पट्ट्याच्या चारी कोपऱ्यांना चार फांद्या रोवल्या आणि प्रत्येकीला चिंधी बांधली, आजोबांच्या गाठीनं. लांबून वाऱ्यावर ती लाल चिंधी दिसली तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. गावानं विसरलेली गोष्ट आमच्या घरानं पुन्हा सुरू केली, आणि यावेळी कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपल्या मनानं. आक्काही खूश होती. घरी येताना ती आजोबांच्या आठवणी सांगत होती आणि स्वतःशीच हसत होती.

आमच्या गावात आता चार कोपऱ्यांना चार खुंट दिसले की माणसाला गवत आठवत नाही. प्लॉट आठवतो.

दोन दिवसांत गावभर झालं की आमच्या विहारामागच्या गल्लीनं गायरानात जागा धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फांद्यांच्या शेजारी दुसऱ्या कुणाचे तरी खुंट उभे होते, त्यांना सुतळी ताणलेली. त्याच्या पलीकडं आणखी कुणाचे. एकानं धरली तर आपण का मागं राहायचं? मी सुतळी ओलांडून लांबूनच दुर्बीण लावली. ती बसलेली होती. भोवती एवढा बाजार भरला तरी अंड्यांवरून उठली नव्हती.

संध्याकाळी वरच्या आळीतली माणसं आमच्या दारात आली. ओळखीचीच. एकाची मुलगी माझ्या वर्गात होती, एकाच्या घरी आक्काचं दूध जातं. बसा म्हटलं तर बसली नाहीत.

"आक्का, जागा धरलीसा म्हनं?"

"कुटली जागा? राखन केलीया ती. बदकीन बसलीया तितं, अंड्यावर."

माणसं एकमेकांकडं बघून हसली. एक जण म्हणाला, "बदकाचं निमित्त बरं हाय की."

मी शाळेतल्या आवाजात सगळं सांगितलं. पक्षी, गवत, किती दिवस लागतील, पूर्वीची पद्धत. त्यांनी ऐकून घेतलं, बाईंचं बोलणं म्हणून. मग दुधाचं गिऱ्हाईक असलेला तो म्हणाला, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या, तुमचं खरं असंल. पर तुमच्यातल्यांनी चिंधी बांधली म्हटल्यावर गाव गप बसनार हाय व्हय?"

मला आजवर इतका राग कधी आला नव्हता. आमच्या घरानं वेठ म्हणून चिंधी बांधली तेव्हा सगळं गाव तिच्यापुढं थांबत होतं, आणि आता ती आम्ही आपल्या मनानं बांधली तर ती चोरी झाली. हे मी बोलणार होते. आक्कानं माझा हात दाबला. म्हैस व्याली की तिला या गावात पुन्हा रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन दारोदार जायचं होतं.

"मग काय करायचं म्हनता?" तिनं विचारलं.

"उद्या सगळी जनावरं घालायची त्यात. खुंट तुडवून सपाट करायचं. गायरान हाय, जनावरं चरनारच. मग कुनाचंच न्हाय ते, आनि सगळ्यांचं हाय." हे बोलताना त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. गायरान वाचवायला निघाला होता तो, आणि खोटं कशाला बोला, त्याचंही चूक नव्हतं. जाता जाता तो थांबला. "तुमचीबी म्हस आना. तुमचीच पयली शिरूंदे. मग कोन काय बोलनार न्हाय तुमास्नी."

आम्ही त्याच संध्याकाळी जाऊन आमच्या चारी फांद्या उपटून आणल्या. दुसऱ्यांचे खुंट तसेच होते, त्यामुळं काही फरक पडणार नव्हता. मी वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, पक्षी दुर्मीळ आहे का? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग अर्ज द्या, बघू.

सकाळी आक्कानं म्हैस सोडली. मी म्हणाले, आपण नको जाऊया. ती म्हणाली, "न गेल्यावर जागा धरली हेच खरं हुतंय." मग दारात थांबून तिनं मला सांगितलं की घरट्यापाशी ती स्वतः उभी राहील. माणूस उभं दिसलं की म्हशी बाजूनं जातात. घरट्याएवढी जागा सोडून बाकीचं तुडवू देत. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

तळ्यावर गाव जमलं होतं. कुणी रागात नव्हतं, उलट थोडी गंमतच चालली होती. आक्कानं सगळ्यांच्या देखत आमची म्हैस पट्ट्यात सोडली, तिच्या गळ्यातून काढलेलं दावं माझ्या हातात दिलं आणि चालत जाऊन घरट्याशेजारी उभी राहिली. मागून बाकीच्या म्हशी सोडल्या. कितीतरी दिवसांनी कमरेएवढं हिरवं दिसल्यावर त्या जनावरांनी काय करायला हवं होतं? सुतळ्या तुटल्या, खुंट आडवे झाले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आमची म्हैस एका कडेला मान खाली घालून खात होती.

आक्काचं म्हणणं खरं ठरलं. म्हशी तिच्यापाशी आल्या की बाजूला वळत होत्या. तिच्या पायाशी ती बदकीण अजून बसून होती. मी दुर्बिणीतून दोघींना बघत होते. मग वाडीवरच्या दोन दांडग्या म्हशी एकमेकींना रेटत सरळ तिकडंच आल्या. आक्कानं हात वर केले आणि घसा फोडून ओरडली, "हो! हो! मागं सर!"

त्या दोन्ही वळल्या.

आमच्या म्हशीनं मान वर केली. कान टवकारले. इतक्या दिवसांनी मोकळी सुटलेली, भरदिवसांची, आणि तिला आक्काचा आवाज आला होता. ती मध्ये येणाऱ्यांना ढुशा मारत निघाली. मी दावं टाकून धावले, चिखलात पडले. आक्का आता तिला ओरडत होती, "तू नगं! तू मागं सर!" आणि आक्का जेवढी ओरडत होती तेवढी ती भराभर येत होती. ती सरळ येऊन आक्काच्या पायाशी उभी राहिली, रोजच्यासारखी. बदकीण अगदी शेवटी उडाली.

आक्कानं म्हशीला मारलं नाही. तिच्या गळ्यात हात घालून ती तशीच उभी राहिली, म्हशीच्या पायांकडं न बघता. मी बघितलं. फुटलेल्या अंड्यांत पिल्लांचा आकार आलेला होता. चिखलात पिसं मिसळली होती. ती बदकीण पाण्यावरून फेऱ्या मारत राहिली, मग मधोमध उतरली आणि गप्प बसली. दुपारपर्यंत पट्टा सपाट झाला. कुणाचाही खुंट उरला नाही. लोक समाधानानं घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात म्हैस व्याली. रेडी झाली. आक्कानं खरवस केला आणि रीतीप्रमाणं वाट्या भरून सगळ्यांकडं पाठवल्या, दारात आलेल्या त्या माणसांकडंसुद्धा. त्यांनीही चांगला झाल्याचा निरोप दिला. आम्ही दोघींनी खाल्ला. कितीही वाटलं तरी खरवस काही टाकून देत नाही माणूस.

यंदा पावसानंतर मी एकदाच गेले. काठ पाण्यापर्यंत उघडा होता. पाण्यावर काही नव्हतं. गायरान मात्र अजून गायरान आहे, त्यावर कुणी घर बांधलेलं नाही, तेवढं म्हणायला हवं. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "व्हय, ठाव हाय मला." ती रोजच जाते ना.

संध्याकाळी ती आता दावं घेऊन स्वतः पाण्यात शिरते. साडी भिजते, पाय चिखलात रुततात, या वयात तोल जातो. म्हशींच्या गर्दीतून वाट काढत आपल्या म्हशीपाशी जाते, तिच्या गळ्यात दावं अडकवते आणि ओढत काठावर आणते. त्या दिवसापासून तिनं म्हशीला हाक मारलेली नाही.